पुनर्निर्मिती की उत्तरकृती? : 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या निमित्ताने

१

जुन्या कृतीची पुन्हा निर्मिती करावी, की तिच्यापुढे जाणारी नवी कृती रचावी, हा प्रश्न साहित्यव्यवहाराला अपरिचित नाही. भवभूतीने ही दोन्ही कामे केली. 'महावीरचरिता'त त्याने रामकथा राज्याभिषेकापर्यंत आपल्या पद्धतीने पुन्हा रचली. 'उत्तररामचरिता'त त्यापुढची कथा घेतली. रसिकपरंपरेने दुसऱ्या नाटकाला अधिक मान दिला, ही गोष्ट सूचक आहे. त्या नाटकाच्या पहिल्याच अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात आणि अखेरच्या अंकातील नाटकांतर्गत नाटकानंतर मूळ कथेचा शेवटच बदलला जातो. हे नाटक पूर्वकथेकडे वळून पाहते, तिला जाब विचारते आणि तिच्यातील अन्यायाचे निवारण करू पाहते. 'उत्तर' या शब्दाचे 'नंतरचे' आणि 'प्रश्नाला दिलेले उत्तर' असे दोन्ही अर्थ तेथे एकत्र नांदतात.

आज हाच प्रश्न सर्वाधिक आग्रहाने विचारला जातो तो व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात. 'फायनल फँटसी सेव्हन' (१९९७, पुनर्निर्मितीचा पहिला भाग २०२०), 'रेसिडेंट ईव्हिल २' (१९९८, पुनर्निर्मिती २०१९), 'सायलेंट हिल २' (२००१, पुनर्निर्मिती २०२४) अशा खेळांमुळे स्टुडिओंनी जुन्या खेळांचे रीमेक करावेत की उत्तरभाग काढावेत, ही चर्चा वाढली आहे. रीमेक म्हणजे प्रतिभेचे दिवाळे, असे एक पक्ष म्हणतो. उत्तरभाग काढून चांगल्या कृतीची माती करण्यापेक्षा मूळ कृतीच नव्या पिढीच्या हाती द्यावी, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असते. दोन्ही पक्ष बहुधा विक्रीचे आकडे आणि वैयक्तिक आवडनिवड यांच्या आधारे बोलतात. या दोन व्यवहारांचे मूळ कृतीशी नेमके काय नाते असते, आणि त्यांचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावयाचे, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

यासाठी प्रथम तीन व्यवहार वेगळे करावे लागतील. मूळ संहिता तीच ठेवून तिचे दृश्य-श्राव्य रूप नव्या यंत्राला जुळते करणे म्हणजे 'संस्करण'. व्यवसायात याला रीमास्टर म्हणतात. संहिताच नव्याने लिहिणे म्हणजे 'पुनर्निर्मिती'. मूळ कृती गृहीत धरून तिच्यापुढची कृती रचणे म्हणजे 'उत्तरकृती'. खेळाच्या संदर्भात 'संहिता' हा शब्दही जपून वापरावा लागतो. खेळाला कथन असते, दृश्य-श्राव्य रूप असते, आणि या दोहोंपेक्षा महत्त्वाची अशी एक नियमव्यवस्था असते. खेळणाऱ्याला काय करता येते, काय करता येत नाही, चुकल्यास काय भोगावे लागते, हे ती ठरवते. कादंबरीत जे काम निवेदनाचा दृष्टिकोन करतो, ते खेळात बहुतांशी नियम करतात. पुनर्निर्मितीविषयीच्या चर्चेत दृश्यरूपाला जेवढी जागा मिळते, तेवढी नियमव्यवस्थेला क्वचितच मिळते.

आणखी एक भेद लक्षात घेतला पाहिजे. १९८९ साली छापलेले पुस्तक आज सहज वाचता येते. त्याच वर्षीचा खेळ खेळण्यासाठी त्या काळचे यंत्र किंवा त्याची नक्कल करणारी प्रणाली लागते. मोडी कागदपत्र लिप्यंतराशिवाय आजच्या बहुतेक वाचकांना मुके असते, तशीच या खेळांची स्थिती आहे. या माध्यमात पुनर्निर्मिती ही केवळ हौस नसते. पुष्कळदा जुनी कृती वाचण्याची ती एकमेव उपलब्ध वाट असते. म्हणूनच ती वाट कोठे नेते, हे तपासणे अगत्याचे ठरते. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' ही मालिका या तपासणीला विशेष सोयीची आहे. मूळ कृती, उत्तरकृती, पुनर्कल्पना, फसलेली पुनर्निर्मिती आणि हरवून पुन्हा सापडलेली संहिता, असे सर्व प्रकार तिच्या इतिहासात आढळतात.

२

जॉर्डन मेकनर या तरुण अमेरिकन कर्त्याने ॲपल टू संगणकासाठी रचलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ मध्ये ब्रोडरबंड या संस्थेने प्रसिद्ध केला. कथानक लोककथेइतके साधे आहे. कपटी वजीर जाफर राजकन्येला एका तासाची मुदत देतो आणि तळघरात कोंडलेल्या नायकाला त्या तासाभरात तिच्यापर्यंत पोचावयाचे असते. हा तास खेळणाऱ्याच्या घड्याळातलाही तास आहे. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला धावताना व उड्या मारताना चित्रित केले आणि त्या चित्रीकरणातील एकेक चौकट संगणकात उतरवली. तलवारबाजीसाठी १९३८ च्या रॉबिन हूडवरील चित्रपटाचा आधार घेतला. परिणामी नायकाच्या देहाला वजन आले. धावता धावता तो एकदम थांबत नाही, एखादे पाऊल पुढे जातोच. उंचावरून पडला तर मरतो. त्या काळच्या बहुतेक खेळांतील नायक रबरी होते. हा हाडामांसाचा होता, आणि म्हणून त्याच्यासाठी भीती वाटत असे.

या खेळातील सर्वांत अर्थपूर्ण घटक मात्र यंत्राच्या दारिद्र्यातून जन्मला. नायकाच्या हालचालींच्या चित्रांनीच संगणकाची स्मृती जवळजवळ भरून गेली होती. दुसरे नवे पात्र रेखाटावयास जागा उरली नव्हती. मेकनरने नायकाचीच चित्रे एका गणिती क्रियेने किंचित सरकवून आपल्यावरच उलटवली आणि एक चमकती छायाकृती तयार केली. अशा रीतीने नायकाची 'छाया' हे पात्र अवतरले. नायक आरशातून झेप घेतो, तेव्हा ती त्याच्यापासून वेगळी होते. पुढे ती त्याच्या वाट्याचे औषध पिऊन टाकते, त्याच्या तोंडावर दार बंद करते आणि अखेरीस तलवार घेऊन समोर उभी राहते. तिच्यावर केलेला प्रत्येक वार नायकालाच लागतो. तिला मारणे म्हणजे स्वतः मरणे. यातून सुटण्याचा मार्ग एकच: तलवार म्यान करणे. तसे केले की दोन देह पुन्हा एक होतात, आणि मग जेथे जमीन दिसत नाही तेथेही पायाखाली वाट उमटते.

तोपर्यंत सारा खेळ शस्त्र चालवावयास शिकवतो आणि येथे शस्त्र आवरण्याची मागणी करतो. हा अर्थ कोणतेही पात्र बोलून दाखवत नाही. खेळणारा तो एकदोनदा मरून स्वतः शोधतो. मर्यादेतून अर्थ कसा निष्पन्न होतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण या माध्यमात विरळा. वृत्ताच्या सक्तीतून कवीला न योजलेला शब्द सुचावा आणि त्याच शब्दाने कविता उजळावी, तसे हे आहे.

पुनर्निर्मितीपुढचा खरा पेच येथे उभा राहतो. आजच्या यंत्राला स्मृतीची टंचाई नाही. छायेच्या जागी सहस्र तपशिलांनी नटलेला राक्षस सहज उभा करता येईल. पण तसे केल्यास छायेचा अर्थच नाहीसा होईल, कारण ती नायकाच्याच चित्रांची बनलेली आहे. उलट, जुन्या यंत्राची प्रत्येक अडचण पूजनीय मानणेही भाबडेपणाचे होईल. तबकडी फिरेपर्यंत वाट पाहावी लागे, यात काही काव्य नव्हते. कोणती मर्यादा अर्थात मुरली आहे आणि कोणती केवळ गैरसोय आहे, हा विवेक पुनर्निर्मात्याचे पहिले कर्तव्य ठरतो. तो विवेक समीक्षकाचाच आहे.

'सायलेंट हिल' मालिकेतील धुक्याने हे अधिक स्पष्ट होईल. १९९९ च्या पहिल्या खेळात धुके आले त्यामागे प्लेस्टेशन यंत्राला दूरवरची दृश्ये रंगवणे झेपत नव्हते, हे एक कारण होते. २००१ च्या दुसऱ्या खेळात, मृत पत्नीचे पत्र आले म्हणून तिला शोधत निघालेल्या जेम्सच्या मनाचेच ते रूप झाले: स्वतःपासून काहीतरी दडवणाऱ्या मनाचे. २०१२ च्या संस्करणात हे धुके विरळ झाले आणि त्याच्याआड दडलेल्या गावाच्या अपुऱ्या कडा उघड्या पडल्या; काम करणाऱ्यांच्या हाती मूळ खेळाचा अंतिम संगणकीय आराखडादेखील आला नव्हता. २०२४ मध्ये पोलंडच्या ब्लूबर टीमने केलेल्या पुनर्निर्मितीत यंत्राला गरज नसतानाही धुके दाट ठेवले आहे. एकाने केवळ पाहिले, दुसऱ्याने वाचले.

३

२००३ मध्ये युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने, मेकनरच्याच लेखनसाहाय्याने, 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' प्रसिद्ध केला. हा १९८९ च्या खेळाचा रीमेक नाही आणि उत्तरभागही नाही. नाव, राजवाडा, सापळे आणि देहाची भीती एवढेच त्याने घेतले. बाकी सर्व नव्याने कल्पिले. कथा भारतातील एका महाराजाच्या राजवाड्यावरील स्वारीने सुरू होते. राजपुत्र तेथून काळावर सत्ता चालवणारा खंजीर लुटतो आणि वजिराच्या फसवणुकीला बळी पडून काळाची वाळू मुक्त करतो. सारे राज्य वाळूचे भूत होते. उरतात ते राजपुत्र, महाराजाची कन्या फराह आणि वजीर.

या खेळाचा रूपबंध पुनर्कथनाचा आहे. राजपुत्र ही हकीकत कोणाला तरी सांगत असतो. खेळणाऱ्याच्या चुकीने तो दरीत कोसळला, की निवेदक राजपुत्र स्वतःला सावरून म्हणतो, की असे काही घडले नव्हते, आणि कथा मागून पुढे सुरू होते. खंजिराने काळ मागे फिरवण्याची सोय ही नियमव्यवस्थेची बाब. 'चुकलो, पुन्हा सांगतो' ही निवेदनाची बाब. येथे दोन्ही एकरूप झाल्या आहेत. खेळणाऱ्याची चूक निवेदकाच्या स्मृतीतील चूक ठरते. शेवटी काळ इतका मागे फिरतो, की अनर्थ घडलेलाच नसतो, आणि आपण ऐकत होतो ती हकीकत राजपुत्र फराहलाच सांगत होता हे कळते. तिला यातले काहीच आठवत नाही. दोघांनी मिळून भोगलेला काळ आता एकाच्याच स्मृतीत उरला आहे.

पुनर्निर्मितीचा सिद्धांत मांडू पाहणाऱ्याला याहून समर्पक रूपक मिळणे कठीण. जुना खेळ खेळलेला रसिक राजपुत्राच्या जागी असतो. त्याला सर्व आठवते. नवा रसिक फराहच्या जागी असतो. तिच्यासाठी काहीच घडलेले नाही. पुनर्निर्मितीला या दोघांशी एकाच वेळी बोलावे लागते. एकाशी बोलताना दुसऱ्याला विसरणे, ही तिची नेहमीची चूक आहे.

या खेळाचे उत्तरभाग निघाले. २००४ च्या 'वॉरियर विदिन'ची मूळ कल्पना दुबळी नव्हती. काळाच्या क्रमात ढवळाढवळ केलेल्या राजपुत्राने मरावयासच हवे होते, म्हणून काळाचा रक्षक दहाका त्याच्या पाठीस लागतो. पहिल्या खेळाने सुखाने सोडवलेल्या पेचाची किंमत मागणारी ही कल्पना 'उत्तर' या शब्दाच्या दोन्ही अर्थांना उतरणारी होती. परंतु बाजाराला अधिक उग्र नायक हवा, या समजुतीने तिच्यावर रक्तपात, कर्कश संगीत आणि उत्तान स्त्रीदेह यांचे ओझे लादले गेले. निर्मितीत सहभाग नसलेल्या मेकनरने या दिशेविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली. पहिल्या खेळातील संकोची, स्वतःशी बोलणारा निवेदक त्या गोंगाटात हरवला. उत्तरकृती फसते ती बहुधा अशी: तिला विचारावयाचा प्रश्न सापडलेला असतो, पण स्वर मात्र दुसऱ्याचा असतो.

याच मालिकेच्या पुढील भागासाठी पात्रीस देझिले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी राजपुत्राचे रक्षण करणाऱ्या मारेकऱ्याची कल्पना योजली होती. राजपुत्र मुख्य पात्र नसेल तर तो त्या मालिकेचा भाग कसा, हा प्रश्न उभा राहिला आणि त्या कल्पनेतून २००७ चा 'ॲसॅसिन्स क्रीड' हा स्वतंत्र खेळ निघाला. पूर्वकृतीचे नाव टाकून देणे हाही उत्तरकृतीचा एक पर्याय असतो, आणि कधी कधी तोच सर्वांत सुपीक ठरतो.

सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्टने 'सँड्स ऑफ टाइम'ची पुनर्निर्मिती जाहीर केली. तिचे नेतृत्व युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे होते. खेळ जानेवारी २०२१ मध्ये यावयाचा होता. पहिली झलक दिसताच दृश्यरूप जुनाट असल्याची टीका झाली. हे रूप हेतुपुरस्सर स्वीकारले आहे, असे निर्मात्यांचे म्हणणे होते. प्रकाशन आधी मार्च २०२१ पर्यंत व मग बेमुदत लांबणीवर पडले. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे परत गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्टने हा प्रकल्पच रद्द केला.

भारतातील राजवाड्यापासून सुरू होणारी, एका युरोपीय संस्थेच्या कॅनडातील शाखेने कल्पिलेली ही पौर्वात्य कथा महाराष्ट्रातील निर्मात्यांच्या हाती आली होती, ही घटना समीक्षेला आव्हान देणारी होती. त्यांनी फराहचे, महाराजाचे, लुटीने सुरू होणाऱ्या त्या पराक्रमाचे वाचन कसे केले असते? राजपुत्राच्या तोंडून सांगितलेली कथा फराहच्या देशातून पुन्हा सांगितली जाताना तिच्यात काही पालटले असते काय? हा प्रश्न प्रसिद्ध चर्चेत जवळजवळ उमटलाच नाही. चर्चा झाली ती चेहऱ्यांच्या कातडीची आणि प्रकाशाच्या दर्जाची. पुनर्निर्मितीला अन्वयार्थ समजण्याऐवजी डागडुजी समजल्याचा हा परिणाम होय. गवंड्याला कोणी भिंतीचा अर्थ विचारत नाही.

४

पुनर्निर्मिती अन्वयार्थ होऊ शकते, याचा सर्वांत ठळक पुरावा २००२ चा आहे. शिंजी मिकामीने १९९६ मध्ये कॅपकॉमसाठी दिग्दर्शित केलेल्या 'रेसिडेंट ईव्हिल'ची त्याने स्वतःच सहा वर्षांनी पुनर्निर्मिती केली. मूळ खेळात वाड्यातील एका अरुंद मार्गिकेतून जाताना खिडकी फोडून कुत्रे आत झेपावतात. तो क्षण खेळणाऱ्यांच्या पिढीने मनात जपला होता. २००२ च्या खेळात खेळणारा धास्तावून त्याच मार्गिकेत येतो. काचेला केवळ तडा जातो. कुत्रे येतात ते पुढच्या एखाद्या फेरीत, तो निर्धास्त झाल्यावर. तसेच मूळ खेळात एकदा पाडलेले प्रेत पडूनच राही. नव्या खेळात ते जाळले नाही किंवा त्याचे मस्तक उडवले नाही, तर कालांतराने अधिक भयंकर होऊन उठते. जुन्या खेळाने शिकवलेली सुरक्षिततेची भावनाच येथे घातक ठरते.

मिकामीने राजपुत्र आणि फराह दोघांचीही सोय पाहिली आहे. ज्याने जुना खेळ खेळलेला नाही, त्यालाही तडा गेलेली काच अस्वस्थ करतेच. ज्याने खेळला आहे, त्याची स्मृती हेच भीतीचे साधन बनते. पहिल्या खेळाचे सार कुत्र्यांत नव्हते, अपेक्षाभंगात होते, हे त्याने ओळखले. कुत्रे जागच्या जागी ठेवणे ही अक्षरनिष्ठा झाली असती. त्यांना हलवणे ही अर्थनिष्ठा होती.

२०१९ च्या 'रेसिडेंट ईव्हिल २'चा विचार थोडा वेगळ्या रीतीने करावा लागतो. १९९८ च्या खेळात कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात स्थिर असे, कारण पार्श्वभूमीची चित्रे आधीच रंगवून ठेवलेली असत. वळणापलीकडचे दिसत नसे, फक्त ऐकू येई. काय दाखवावयाचे हे कर्ता ठरवी. नव्या खेळात कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे येतो. दडवणाऱ्या निवेदकाची सत्ता संपते. तिच्या जागी विजेरीच्या तुटपुंज्या उजेडापलीकडचा काळोख येतो, आणि पोलीस ठाण्यात सतत मागावर असलेल्या एका धिप्पाड पाठलागकर्त्याची पावले येतात. मुळात तो केवळ दुसऱ्या फेरीच्या कथानकात भेटे. येथे त्याला मध्यवर्ती स्थान आहे. एका वृत्तातील कविता दुसऱ्या वृत्तात अनुवादित व्हावी आणि गेलेल्या लयीची भरपाई दुसऱ्या लयीने करावी, तसा हा प्रकार आहे. काही गमावले हे खरे, पण काय गमावले याची अनुवादकाला जाणीव आहे. याच काळात कॅपकॉमने 'रेसिडेंट ईव्हिल ७' (२०१७) आणि 'व्हिलेज' (२०२१) या उत्तरकृतीही काढल्या आणि त्यांत दृष्टिकोन थेट पात्राच्या डोळ्यांत नेला. एकच संस्था दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू शकते. तेव्हा 'रीमेक की उत्तरभाग' हे द्वंद्व तत्त्वाचे नसून बहुधा पैशाच्या वाटपाचे असते.

'फायनल फँटसी सेव्हन'ची पुनर्निर्मिती या द्वंद्वाची सीमारेषाच पुसू पाहते. १९९७ च्या खेळात एरिथ या नायिकेचा खलनायक सेफिरॉथकडून अकस्मात वध होतो. तोपर्यंत तिला जपून वाढवलेले सामर्थ्य खेळणाऱ्याच्या हातून कायमचे जाते. नियमव्यवस्थेने शोक घडवल्याचे ते गाजलेले उदाहरण आहे. २०२० च्या पहिल्या भागात कथा मूळ वाटेवरून ढळू लागली, की काही धूसर आकृती आडव्या येतात आणि घटनांना पूर्वीच्या मार्गावर ढकलतात. त्या नियतीच्या रक्षक आहेत. अर्थातच जुन्या संहितेच्याही. अखेरीस पात्रे त्यांच्याशीच लढतात व जिंकतात. २०२४ च्या 'रीबर्थ' या दुसऱ्या भागात एरिथचा मृत्यू घडतोही आणि घडत नाहीही, असा संदिग्ध होतो.

कल्पना धीट आहे, परंतु तिला दोन आक्षेप घ्यावे लागतात. पहिला आक्षेप प्रमाणाचा. मुळात मिडगार हे शहर कथेचा लहानसा आरंभ होते. तेथून बाहेर पडताच अकस्मात सारे जग पसरे, आणि त्या आकस्मिकतेतच अनुभवाचा जोर होता. पुनर्निर्मितीत मिडगारचाच एक संपूर्ण खेळ झाला आणि शहराबाहेर पडणे हा त्याचा शेवट झाला. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. नियतीच्या रक्षकांचा अर्थ पूर्वसंहिता ठाऊक असणाऱ्यालाच पुरता लागतो. ही वस्तुतः पुनर्निर्मितीच्या वेषातील उत्तरकृती आहे. तसे असणे दोषास्पद नाही. पण मग मूळ खेळ वाचकाच्या हाताशी असणे ही तिच्या आकलनाची पूर्वअटच ठरते.

५

आणि येथेच या प्रश्नाला सांस्कृतिक गांभीर्य प्राप्त होते. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात, २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नसल्याचे आढळले. २०२१ मध्ये रॉकस्टार या संस्थेने 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेतील तीन खेळांची संस्कारित आवृत्ती काढताना मूळ खेळ डिजिटल दुकानांतून काढून घेतले. नवी आवृत्ती सदोष निघाली आणि ओरड झाल्यावर संगणकासाठीचे मूळ खेळ परत आणावे लागले. अनुवाद प्रसिद्ध करण्यासाठी मूळ ग्रंथ ग्रंथालयांतून उचलून नेण्यासारखे हे कृत्य होते. भवभूतीने शेवट बदलला तरी वाल्मीकी कोठे जात नाही. त्याच्या धाडसाला अर्थ येतो तो वाल्मीकी शाबूत असल्यामुळेच. मूळ कृती नाहीशी करणारी पुनर्निर्मिती अन्वयार्थ राहत नाही. ती त्या जागेवरचा कब्जा ठरते.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या मूळ संहितेची कथा या बाबतीत बोलकी आहे. १९८९ च्या खेळाचा संगणकीय आराखडा बराच काळ हरवला होता. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरातील कपाटात जुन्या तबकड्यांची पेटी सापडली. त्या तबकड्यांवरून आराखडा उतरवून घेण्यात आला आणि मेकनरने तो सर्वांसाठी खुला केला. एका अभिजात कृतीचे जतन प्रकाशनसंस्थेच्या दप्तरामुळे झाले नाही. वडिलांच्या कपाटामुळे झाले.

रीमेक आणि उत्तरभाग यांच्यापलीकडचा तिसरा मार्गही मेकनरच्याच एका कृतीच्या संदर्भात दिसतो. 'कराटेका' या त्याच्या १९८४ च्या खेळावर डिजिटल इक्लिप्स या स्टुडिओने २०२३ मध्ये 'द मेकिंग ऑफ कराटेका' काढला. त्यात निरनिराळ्या यंत्रांवरील मूळ खेळ आहेत, अर्धवट टाकलेले खर्डे आहेत, रेखाटने व पत्रे आहेत, कर्त्याच्या आणि संगीत देणाऱ्या त्याच्या वडिलांच्या मुलाखती आहेत. शिवाय एक नवी पुनर्निर्मितीही आहे. ती मूळ कृतींच्या शेजारी ठेवलेली आहे, त्यांच्या जागी नव्हे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना पाठभेद फेकून न देता तळटीपांत जपले; त्याच शिस्तीचे हे या माध्यमातील रूप आहे.

६

स्टुडिओंनी काय करावे, याचे उत्तर म्हणून एकाच बाजूला कौल देता येत नाही. पण निकष निश्चित सांगता येतात. पूर्वकृतीने उपस्थित केलेला, परंतु न सोडवलेला प्रश्न हाती असेल, तर उत्तरकृती रचावी, आणि तो प्रश्न पूर्वकृतीच्या नावात मावत नसेल तर नावही सोडावे. पूर्वकृतीचा अर्थ तिच्या आजच्या वाचनात झाकला गेला असेल आणि तो उकलण्याची दृष्टी असेल, तर पुनर्निर्मिती करावी. यांपैकी काहीच हाती नसेल, तर मूळ खेळ आजच्या यंत्रावर नीट चालेल एवढेच करावे. ते काम कमी मोलाचे नाही.

या निकषांना बाजार सहजासहजी जुमानणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये युबिसॉफ्टच्या माँपेलिए स्टुडिओने 'द लॉस्ट क्राउन' हा खेळ काढला. त्यात नायक राजपुत्र नाही, सारगॉन नावाचा योद्धा आहे. सिमुर्ग पक्ष्याची इराणी पुराणकथा आहे. संवाद फारसीतही ऐकता येतात. १९८९ च्या खेळाची बाजूने दिसणारी सपाट रंगभूमी घेऊन तो आजचा प्रश्न विचारतो: ज्याच्या नावे ही मालिका चालते त्या पर्शियाचा स्वतःचा आवाज कोणता? मालिकेतील हे सर्वांत प्रगल्भ उत्तर म्हणावे लागेल. समीक्षकांनी त्याचे स्वागत केले, पण विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि त्याच वर्षी त्या चमूतील बहुतेकांना इतर कामांवर हलवण्यात आले. परिचित नावाची पुनर्निर्मिती रद्द होते आणि नवे उत्तर देणारा चमू विखुरला जातो, असे एकाच मालिकेत दोन वर्षांच्या आत घडावे, यावरून 'रीमेक की उत्तरभाग' हा वाद किती वरवरचा आहे ते कळते. दोन्ही मार्गांवर मुख्य अभाव एकच आहे: आपण कोणती कृती वाचत आहोत, आणि तिला काय म्हणावयाचे आहे, हे विचारण्याइतकी उसंत.

ही उसंत केवळ स्टुडिओंनी काढावयाची नाही. खेळांविषयीचे लेखन जोवर दृश्यांच्या चकाकीपाशी थांबते, तोवर स्टुडिओही चकाकीच विकणार. १९८९ च्या त्या छायेपुढे तलवार म्यान करावी लागते, हे ज्याने खेळून जाणले आहे, त्याला तिचा नवा चेहरा किती रेखीव आहे यापेक्षा ती अजूनही आपलीच आहे काय, हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. पुनर्निर्मिती असो वा उत्तरकृती, तिच्या समीक्षेची सुरुवात या प्रश्नापासून व्हावयास हवी.